द्राक्षाला प्रयोगशाळा, माणसाला मसणवटा!

जळकोटचा माणूस अत्यवस्थ झाला की त्याला सोलापूरला हलवतात. जिल्ह्याचे ठिकाण धाराशिव असले तरी हैदराबादच्या महामार्गावर वसलेल्या या गावाची वाट नळदुर्गावरून सोलापूरकडेच जाते. मधुमेहाने खंगलेला बाप असो, ट्रकखाली सापडलेला तरणा मुलगा असो, की बाळंतपणानंतर ताप डोक्यात गेलेली लेक असो, गाडी त्याच दिशेने धावते. मग अतिदक्षता विभागाचे दार लागते. मानेतल्या शिरेत नळी, लघवीला नळी, श्वासाला नळी. दाराबाहेर दर दोन तासांनी चिठ्ठी येते, नातेवाईक औषधाच्या दुकानाकडे पळतो, गावाकडे फोन करून उसनवारी करतो, आणि आठ-दहा दिवसांनी, धोका टळला असे सांगून झाल्यावर, ताप पुन्हा चढतो. प्रतिजैविके बदलली जातात. पुन्हा बदलली जातात. शेवटी एक कागद हाती पडतो आणि त्यावर लिहिलेले असते : सेप्सिस, मल्टी-ऑर्गन फेल्युअर. रक्तात जंतू झाले, अवयव बंद पडले, आमचा इलाज संपला. कोणता जंतू? त्यावर कोणते औषध चालणार होते आणि प्रत्यक्षात कोणते दिले गेले? त्या कागदावर या प्रश्नांची जागाच नसते. ज्याला उत्तर ठाऊक असते तो बोलत नाही आणि ज्याने विचारायचे त्याला प्रश्नच ठाऊक नसतो. हा केवळ निष्काळजीपणा आहे असे मानण्याइतके आम्ही दूधखुळे नाही. हा सोयीचा व्यवहार आहे.

ज्या जंतूविषयी आम्ही बोलत आहोत त्याचे नाव कॅन्डिडा ऑरिस. ही यीस्ट जातीची बुरशी आहे. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातील स्रावातून ती प्रथम ओळखली गेली, म्हणून तिला कानावरून नाव पडले. पण ती कानात राहिली नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दिल्लीच्या दोन रुग्णालयांतील १२ रुग्णांमध्ये ती सापडल्याचे जगाला सांगितले, आणि या बुरशीवर फ्लुकोनॅझोल हे आपल्याकडचे सर्वांत स्वस्त, सर्वांत सुलभ, प्रत्येक अतिदक्षता विभागात पहिल्याने लावले जाणारे औषध चालत नाही, हेही त्याच वेळी सांगितले. पुढे याच शास्त्रज्ञ स्त्रीने देशातील १० रुग्णालयांतून २००९ ते २०१७ या काळात गोळा झालेले ३५० नमुने तपासले. त्यांतील ९० टक्के फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते, ८ टक्के अँफोटेरिसिन-बीला, आणि शेवटचा आधार म्हणून ठेवलेल्या इकायनोकॅन्डिन वर्गाच्या महाग इंजेक्शनांना २ टक्के. हे संशोधन परदेशी नाही, आयते नाही, कोणा गोऱ्या साहेबाने आमच्या माथी मारलेले नाही. ते याच देशातील रुग्णांच्या नमुन्यांतून, याच देशातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाले. त्याचा लाभ मात्र या देशातील गरीब रुग्णास मिळू नये, यासाठी जणू सर्वांनी संगनमत केले आहे.

कारण औषध कोठे आणि कसे निष्फळ होते, हेही आता गुपित राहिलेले नाही. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तो तयार करणारे विकर ज्या जनुकाच्या हुकमाने बनते त्याचे नाव ईआरजी-११. फ्लुकोनॅझोल या विकराला अडवते, पडदा कच्चा राहतो, बुरशीची वाढ थांबते. पण या जनुकातील पालटाने विकरात एकाच जागी, १३२ क्रमांकाच्या ठिकाणी, टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअलानिन येऊन बसले की औषधाची पकड सुटते. १४३ क्रमांकाच्या जागी झालेला असाच एक पालट भारतीय नमुन्यांत सापडला आहे. पेशीची भिंत रचणाऱ्या एफकेएस-१ या जनुकात ६३९व्या जागी सेरिनऐवजी फेनिलअलानिन आले की हजारो रुपयांची इकायनोकॅन्डिनची कुपी पाण्यासारखी शिरेतून वाहून जाते. हे पालट नेमके कोठे पाहायचे ते ठाऊक आहे. ते पाहणारी पीसीआर यंत्रे ठाऊक आहेत. रक्ताच्या बाटलीत बुरशी उगवायला दोन-तीन दिवस आणि उगवल्यावर तिच्यावर औषधांची कसोटी घ्यायला आणखी दिवस लागतात, तेथे जनुकाची ही खूण काही तासांत वाचता येते, हेही ठाऊक आहे. रक्तात बुरशी शिरलेल्या माणसाच्या आयुष्यात दोन दिवस म्हणजे काय, हे ज्यांनी आयसीयूबाहेरच्या फरशीवर रात्री काढल्या त्यांना विचारा.

आकडे पाहा. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २७ भारतीय अतिदक्षता विभागांतील १४०० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. हे सारे रुग्ण रक्तात कॅन्डिडा शिरलेले होते. ३० दिवसांच्या आत त्यांतील ४४.७ टक्के मरण पावले. संसर्ग सरासरीने भरतीनंतर आठव्या दिवसाच्या सुमारास झालेला होता, म्हणजे माणूस हा रोग घरून घेऊन आला नव्हता. तो त्याला खाटेवर मिळाला. याच नमुन्यांची पुन्हा छाननी झाली तेव्हा त्यांतील ७४ रुग्णांमध्ये, म्हणजे ५.३ टक्क्यांमध्ये, ही ऑरिस निघाली. २७ पैकी १९ विभागांत ती पोहोचलेली होती. आणि सार्वजनिक रुग्णालयांत, दीर्घकाळ पडून राहिलेल्या आणि आधीच बुरशीनाशके दिलेल्या रुग्णांत तिचे प्रमाण अधिक होते. सार्वजनिक रुग्णालय म्हणजे कोणाचे रुग्णालय? ज्याला दुसरे परवडत नाही त्याचे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, २०२०च्या उन्हाळ्यात, दिल्लीच्या एका अतिदक्षता विभागात १५ कोरोनाग्रस्तांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली. त्यांतील १० जणांना ऑरिस झाली होती आणि त्या दहांतील सहा दगावले. विषाणूने मारले म्हणून त्यांची नोंद झाली असती तर कोणी हरकत घेतली नसती. शोधणाऱ्यांनी शोधले, म्हणून कळले. जेथे शोधत नाहीत तेथे कळत नाही, आणि जे कळत नाही ते घडलेच नाही, असा हा राज्यकारभाराचा नवा न्याय आहे.

आता कोणी म्हणेल, ही माहिती अवघड, शास्त्रज्ञांपुरती. सरकारी यंत्रणेला ती कशी कळावी? त्या शहाण्यास आमचे उत्तर असे की, सरकारला ती केव्हाच कळली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली या बुरशीविषयी देशातील रुग्णालयांसाठी सूचनापत्रक काढले. नेहमीच्या स्वयंचलित यंत्रांवर ही बुरशी भलत्याच कॅन्डिडाच्या नावाने नोंदली जाते, तेव्हा तिची जात पक्की करण्यासाठी माल्डी-टॉफसारखे यंत्र किंवा जनुकक्रम वाचणे भाग आहे, हे तेव्हापासून लिहिलेले आहे. त्याच वर्षी जंतूंच्या औषधप्रतिकाराविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. केरळने २०१८ साली आपला स्वतंत्र राज्य आराखडा केला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२मध्ये मानवास घातक अशा १९ बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि तिच्यातील सर्वांत वरच्या, अत्यंत गंभीर अशा चौघींमध्ये कॅन्डिडा ऑरिसचे नाव घातले. त्याच संघटनेने एप्रिल २०२५मध्ये सांगितले की गेल्या १० वर्षांत जगात बुरशीविरुद्ध अवघी चार नवी औषधे मान्य झाली. म्हणजे भात्यात बाण मोजके आहेत, त्यांतले निम्मे बोथट झाले आहेत, आणि कोणता बोथट झाला हे पाहण्याची चाचणी आपण करत नाही.

चाचणीसाठी यंत्रे नाहीत, हे रडगाणे आमच्यापुढे गाऊ नये. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने कोरोनाचे जनुकक्रम वाचण्यासाठी प्रयोगशाळांचा संघ उभा केला, त्याच्या पहिल्या दहांत पुण्याच्या दोन संस्था होत्या : राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने राज्याच्या जनुकक्रमाचे काम समर्थपणे सांभाळले. मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते जनुकक्रम प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. डेल्टा आला, डेल्टा प्लस आला, ओमायक्रॉन आला, त्याची पोटजात आली, पोटजातीची पोटजात आली. रोज सायंकाळी मंत्र्यांच्या तोंडून जनुकांची अक्षरे ऐकून गावच्या पारावरची म्हातारीसुद्धा उत्परिवर्तन हा शब्द शिकली. ते यंत्र विषाणूचे जनुक वाचते आणि बुरशीचे वाचताना त्याला विटाळ होतो काय? विषाणूची भीती मंत्रालयापर्यंत, विमानतळापर्यंत, शेअर बाजारापर्यंत पोहोचली होती. तो कोणालाही गाठू शकत होता. बुरशी गाठते ती आधीच आडव्या पडलेल्याला. त्याच्यासाठी यंत्राची वीज कोण जाळणार!

मे २०२१ आठवा. काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, महाराष्ट्रात माणसांचे डोळे आणि जबडे नेले, अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी सोलापूरपासून मुंबईपर्यंत लोक वणवण फिरले, वर्ध्याच्या एका कारखान्यात ते इंजेक्शन घाईघाईने बनवण्याची वेळ आली, तेव्हा कोठे केंद्राने राज्यांना फर्मावले की हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करा, प्रत्येक रुग्ण कळवा. म्हणजे बुरशीचा रोग अधिसूचित करता येतो, त्याची रोजची मोजदाद करता येते, हे याच सरकारांनी आठवड्याभरात सिद्ध केले. अमेरिकेने कॅन्डिडा ऑरिसचे रुग्ण राष्ट्रीय पातळीवर कळवण्याची पद्धत २०१८ साली घालून दिली. इंग्लंडने २०२५ साली ती कायद्याने सक्तीची केली. ज्या प्रदेशातून जगातील या बुरशीचा एक मोठा वंश, शास्त्रज्ञ ज्याला दक्षिण आशियाई वंश म्हणतात तो, खंडोखंडी पसरला, त्याच प्रदेशातल्या आपल्या देशात प्रत्येक रुग्ण कळवण्याची तशी सक्ती नाही. काळी बुरशी चेहरा विद्रूप करते, छायाचित्रात दिसते, दूरचित्रवाणीवर दाखवता येते. ही बुरशी रक्तात असते. दिसत नाही, म्हणून मोजत नाहीत.

आमच्या जिल्ह्याचे नाव पालटून धाराशिव करण्यासाठी २०२३ साली अधिसूचना निघाली, पाट्या बदलल्या, फटाके वाजले. त्या नावाशी आमचे भांडण नाही. पण एका जिल्ह्याच्या नावासाठी वर्षानुवर्षे सभा, ठराव, न्यायालय आणि मंत्रिमंडळ एवढा खटाटोप करणाऱ्यांना त्याच जिल्ह्यातील माणूस कशाने मेला त्याचे नाव लिहून घेण्यास सवड होत नाही, हे आम्ही कसे गिळावे?

येथवर झाल्या घटना. आता हेतूंकडे वळू. खासगी रुग्णालयाचा हेतू सांगायला फार बुद्धी लागत नाही. ही बुरशी खाटेच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर, गादीवर, सलाईनच्या स्टँडवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते; परिचारिकेच्या हातावरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते; फरशी पुसायच्या नेहमीच्या अनेक जंतुनाशकांना पुरून उरते, तिला क्लोरीनचे द्रावण लागते. ऑक्सफर्डच्या नामांकित रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांना ती लागली, आणि शोध घेता घेता बोट गेले ते काखेत लावायच्या, पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकांवर. तेथे त्यांनी शोधले, तापमापक काढून टाकले, साथ ओसरली, आणि सारे लिहून जगापुढे ठेवले. आपल्याकडे हेच शोधले तर काय निघेल? रुग्णाच्या खाटेवरच रोग होता, असे निघेल. बिलातील लाखांचा आकडा जेथे उभा राहिला, तेथेच मरणाचे कारण उभे होते, असे निघेल. म्हणून जात ओळखायची नाही, जनुक पाहायचे नाही, 'कॅन्डिडा स्पीशीज' एवढे दोन शब्द लिहून अहवाल मिटायचा. न्यूयॉर्कमध्येही रुग्णालयांनी प्रथम अशीच तोंडे शिवून घेतली होती. पण लोकांचा आणि वृत्तपत्रांचा रेटा वाढल्यावर तेथील राज्य आरोग्य खात्याने नोव्हेंबर २०१९मध्ये ही बुरशी सापडलेल्या रुग्णालयांची नावेच जाहीर केली. कोणतेही रुग्णालय त्यामुळे ओस पडले नाही. लोक घाबरतील म्हणून सांगत नाही, असे जो सांगतो तो लोकांना घाबरत असतो.

सरकारी रुग्णालयाचा हेतू वेगळा, पण जातकुळी तीच. तेथे बिल नाही, तेथे आकडा आहे. मोजले तर आकडा निघेल, आकडा निघाला तर विधिमंडळात प्रश्न येईल, प्रश्न आला तर कोणाची तरी बदली होईल. ऑक्टोबर २०२३च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ जण दगावले, तेव्हा एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले आणि त्याची चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ते मृत्यू या बुरशीने झाले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारतो ते एवढेच, की त्या चित्रफितीनंतर राज्यातील किती रुग्णालयांत खाटांचे, नळ्यांचे, तापमापकांचे नमुने घेऊन जंतू तपासण्याचा नेम सुरू झाला? तमाशाला प्रेक्षक मिळतात, प्रयोगशाळेला मिळत नाहीत. हे या पुढाऱ्यांना कोणत्याही शास्त्रज्ञापेक्षा नेमके कळते.

तिसरा हेतू दुकानाचा. फ्लुकोनॅझोलच्या पाकिटावर लाल रेघ आहे. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. मार्च २०१८मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइडयुक्त मलमेही चिठ्ठीच्या कक्षेत आणली. आणि आज कोणत्याही तालुक्याच्या बाजारात जाऊन गजकर्णाची, खाजेची तक्रार सांगा. काऊंटरवरचा पोरगा हसतमुखाने बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेली नळी पुढे करील, वर आठवड्याला एक अशा गोळ्या मोजून देईल. त्या नळीने खाज चार दिवस थांबते आणि बुरशी वर्षभर मुरते. यीस्टची गोष्ट बाजूला ठेवा. गजकर्णाची एक नवी, टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी याच मातीत वाढली आणि जगात पसरली, आणि शास्त्रज्ञांनी २०२० साली तिच्या नावातच भारताचे नाव गुंफले : ट्रायकोफायटन इंडोटिनी. तिच्याही एका जनुकात असाच एका अक्षराचा पालट आहे. देशाची कीर्ती वाढवण्याचा हा मार्ग अन्न व औषध प्रशासनाच्या डोळ्यांदेखत बांधला गेला. हे खाते दिवाळीच्या तोंडावर खव्यावर छापे घालताना छायाचित्रकार बरोबर नेते. लाल रेघेवर छापा घालताना आम्ही त्याला पाहिलेले नाही.

आणि आता सर्वांत संतापजनक गोष्ट. सोलापूर-धाराशिव पट्ट्यातील द्राक्षबागायतदार भुरीसाठी टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल फवारतो. ही सारी औषधे रसायनाच्या अॅझोल कुळाने फ्लुकोनॅझोलची सख्खी भावंडे आहेत. शेतातील या फवाऱ्यांखाली अॅस्परजिलस नावाच्या दुसऱ्या एका बुरशीत औषधप्रतिकार वाढल्याचे पुरावे युरोपातून आणि भारतातूनही पुढे आले आहेत. अंदमानच्या किनाऱ्यावरील वाळूत आणि खाजणात कॅन्डिडा ऑरिस सापडल्याचे २०२१मध्ये, आणि साठवणुकीतील सफरचंदांच्या सालीवर ती सापडल्याचे २०२२मध्ये डॉ. चौधरींच्याच गटाने दाखवले. म्हणजे शेत, बाजार आणि रुग्णालय यांच्यामध्ये बुरशीला भिंत नाही. यात शेतकऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याचे बोट आम्ही आधी मोडू. त्याने दुकानदाराने दिले ते फवारले, कृषी खात्याने छापले ते वाचले, आणि पाऊस अवेळी पडला म्हणून कर्ज काढून दोन फवारे जास्त मारले. पण तपासणीचा हिशेब पाहा. हीच द्राक्षे युरोपला जायची असली की बागेची नोंदणी होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, नमुना घ्यायला माणूस बांधावर येतो, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकेका रसायनाचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशात मोजला जातो, आणि अहवाल निर्दोष आल्याखेरीज कंटेनर हलत नाही. रॉटरडॅमच्या टेबलावर बसलेल्या ग्राहकाच्या जिभेला अॅझोलचा कण लागू नये म्हणून या देशाने केवढी कडेकोट व्यवस्था उभी केली! आणि ते द्राक्ष ज्याने पिकवले, ज्याच्या नाकातोंडात तो फवारा गेला, तो सोलापूरच्या खाटेवर तापाने फणफणत असता, त्याच्या रक्तातील बुरशीवर अॅझोल चालते की नाही, हा प्रश्न विचारायला कोणी बांधावर नाही आणि खाटेवरही नाही. निर्यातीच्या घडाला क्रमांक आहे. त्या माणसाच्या बुरशीला नावसुद्धा नाही.

आम्हांस शिकवायला काही पंडित पुढे येतील की, जनुकचाचणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. अँफोटेरिसिनचा प्रतिकार एका ठरावीक अक्षरावरून ओळखता येत नाही, काही पेशी औषध बाहेर फेकणारे पंप वाढवून तग धरतात, तेव्हा बशीतली जुनी कसोटी सोडता येत नाही. बरोबर आहे. म्हणूनच आमची मागणी दोन्हींची आहे : यीस्ट उगवले की तासांत वाचता येणारी जनुकाची खूण, आणि पाठोपाठ बशीतल्या कसोटीचा अहवाल. जो म्हणतो की एक चाचणी अपुरी आहे, तो दुसरी मागत असेल तर तो शास्त्रज्ञ. एकही होऊ देत नसेल तर तो सरकारचा वकील. दुसरे म्हणतील, खर्च. तेव्हा त्यांनी हिशेब मांडावा : आठ दिवस निरुपयोगी औषध शिरेत घालण्याचा खर्च, अतिदक्षता विभागातील त्या आठ दिवसांचे भाडे, आणि त्यासाठी विकलेल्या जमिनीचा भाव. हा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो म्हणून तो खर्चच नव्हे, असे ज्यांचे अर्थशास्त्र आहे त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे पाच लाखांचे कवच २०२३मध्ये राज्यातील प्रत्येक कुटुंबाला जाहीर झाले. त्याचे फलक नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत दिसतात. या कवचात बुरशीची जात ओळखणारी चाचणी, औषधप्रतिकाराची जनुकचाचणी आणि इकायनोकॅन्डिनचा पूर्ण डोस, हे तीन शब्दप्रयोग ठळक अक्षरांत छापून दाखवा. कॅन्डिडा ऑरिस अधिसूचित करा. धाराशिव आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांतील, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक अतिदक्षता विभागात रक्तातून उगवलेले प्रत्येक यीस्ट जातीनिशी नोंदले जावे, संशयित नमुना पुण्याच्या त्याच यंत्रांवर जावा ज्यांनी ओमायक्रॉन वाचला, आणि रुग्णालयवार आकडे दर तिमाहीस जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि रुग्णालयाच्या दाराशी लागावेत. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, त्याच्या श्रेयासाठी पुढाऱ्यांची रांग लागली होती. त्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बुरशीच्या औषधकसोटीचा स्वतंत्र कक्ष आणि तो चालवणारी माणसे द्या, म्हणजे श्रेय कशाचे घ्यायचे ते तरी ठरेल. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्या मंत्र्यांचा ताफा ज्या दिवशी या जिल्ह्यात शिरेल त्या दिवशी त्यांनी यातील एका तरी मागणीवर सही करून मग देवळाची पायरी चढावी. महिषासुराला मारणाऱ्या देवीपुढे हात जोडताना हातात काही काम केल्याची खूण असलेली बरी.

वाचकहो, सरकारच्या हालचालीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तुमचा माणूस आत असेल तर रक्ताचे कल्चर पाठवले का, यीस्ट उगवले का, जात कोणती निघाली, औषधांची कसोटी झाली का, हे चार प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे पण लेखी विचारा. डॉक्टरांशी भांडू नका. त्यांतील बहुतेकांच्या हातीही यंत्रणेने काही ठेवलेले नाही आणि तुमचा लेखी प्रश्न त्यांनाही हवा आहे. मागितल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळणे हा वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनी दिलेला तुमचा हक्क आहे. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याची सक्ती महाराष्ट्राने जानेवारी २०२१मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत घातलेली आहे. ती भिंतीवर दिसली नाही तर छायाचित्र काढून आमच्याकडे पाठवा.

आणि आम्ही आमचे काम करतो. दोन्ही जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक, दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते आणि अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी यांच्याकडे माहिती अधिकार कायद्याखाली आमचे अर्ज जात आहेत : गेल्या तीन वर्षांत रक्तात यीस्ट किती रुग्णांच्या उगवले, त्यांतील किती नमुन्यांची जात ओळखली, किती नमुन्यांची औषधकसोटी आणि किती नमुन्यांची जनुकचाचणी झाली, त्यांतले किती रुग्ण जिवंत घरी गेले, आणि चिठ्ठीविना बुरशीनाशक विकणाऱ्या किती दुकानांवर कारवाई झाली. प्रश्न माणसांच्या जिवाशी निगडित असल्याने कायद्याने सांगितलेल्या ४८ तासांत उत्तर द्यावे, असे आम्ही अर्जांच्या माथ्यावर लिहिले आहे. जे उत्तर येईल ते आम्ही शब्दशः छापू. ज्याचे येणार नाही त्याचे पदनाम छापू.